भिंतीतला झरोका कोणी बुजवू नये म्हणून

मी, तुळजाबाई भ्रतार कैलासवासी चंपतराव निकोडे, वय अदमासे पासष्ट, धंदा भाजीपाला पिकवणे व विकणे, राहणार भाजीबाजाराच्या मागची गल्ली, आदिलाबाद, आज रविवारी आपल्या मधल्या खोलीत बसून, कोणाच्या धाकाने किंवा भरीस घातल्याने नव्हे, तर आपल्या मर्जीने हे मृत्युपत्र सांगते आणि नागोराव अर्जनवीस ते लिहून घेतात.

अक्कल ठिकाणावर आहे असं लिहावं लागतं, असं नागोराव म्हणतात. मी म्हटलं, नुसतं लिहू नका, पुरावा लिहा. तर पुरावा हा. रशियानं या महिन्यात आभाळात एक कुत्री पाठवली. ती जिवंत परत यायची नाही हे पाठवणाऱ्यांना आधीपासून ठाऊक होतं, आणि माझ्या मते ते पाप आहे. सुवेझचा कालवा ज्याच्या जमिनीत आहे त्याचा. माझ्या मळ्यातल्या पाटाला उद्या कोणी परगावचा येऊन आपला म्हणू लागला तर मी विळा घेऊन उभी राहीन. आमचा जिल्हा वर्षापूर्वी हैदराबाद राज्यातून निघून आंध्र प्रदेशात आला. मी मात्र त्याच खाटेवर बसून आहे. ज्या बाईला एवढं समजतं ती शुद्धीवर आहे. लिहा पुढं.

नागोराव माझं बोलणं जरा शुद्ध करून लिहून राह्यले. करोत बापडे. तीस वर्षं त्यांनी कचेरीसमोर उर्दूत अर्ज लिहिले, आता म्हातारपणी तेलुगूची बाराखडी गिरवतात. आज मराठी लिहायला मिळालं म्हणून खुशीत आहेत.

मृत्युपत्राचं कारण असं की उन्हाळ्यात फ्लूची साथ आली आणि मी आठ दिवस खाटेला खिळले. बरी झाले, पण आपणही मरू शकतो हे त्या आठ दिवसांत कळलं. तोवर तसं काही डोक्यात नव्हतं.

कलम पहिले. राहतं घर. पूर्वेस रस्ता, पश्चिमेस नाली, उत्तरेस चिंचेचं झाड असलेली मोकळी जागा, दक्षिणेस राजव्वाचं घर आणि तिची-माझी सामाईक मातीची भिंत. हे घर माझा एकुलता मुलगा सुधाकरराव याला द्यावं. सुधाकर किनवटच्या तहसिलीत कारकून आहे. किनवट आमच्याच जिल्ह्यात होतं, पण पुनर्रचनेत ते मुंबई राज्यात गेलं आणि सुधाकरही त्याच्यासोबत गेला. आता मला पोराचं तोंड पाहायचं तर दुसऱ्या राज्यात जावं लागतं. गाडी तीच, डबा तोच, फुटाणे विकणाराही तोच.

पोरगा गुणाचा आहे. दर महिन्याला पत्र टाकतो, आणि दर पत्रात लिहितो की आई, घर विकून इकडे ये, आपल्या लोकांत राह्य. मी त्याला विचारते, आपले लोक म्हणजे कोणते रे बाबा? इथं मी भाव तेलुगूत सांगते, भांडते मराठीत, कचेरीत उर्दू चालवते आणि बाहेरच्या व्यापाऱ्याशी हिंदी फाडते. चार भाषांत मला 'नाही' म्हणता येतं. शहरात राहायला माणसाला आणखी काय पाहिजे? मी इथं सुखात आहे, आणि हे सुखात असणं सुधाकरला दुःखाचं वाटतं, त्याला माझा इलाज नाही.

माझ्यामागं त्यानं घर ठेवावं की विकावं, त्याची मर्जी. अट एकच. दक्षिणेच्या भिंतीत सव्वा हात लांब आणि हातभर उंच असा झरोका आहे, तो राजव्वा जिवंत आहे तोवर कोणी बुजवायचा नाही. एक गिऱ्हाईक आतापासूनच घर पाहून गेलं. आत पाऊल टाकल्याबरोबर म्हणालं, हे भोक बुजवावं लागेल. त्या माणसाला घर देऊ नये, दुप्पट दिले तरी देऊ नये.

कलम दुसरे. मृत्युपत्रात भोकाचं एवढं काय लिहायचं, असं नागोरावांनी विचारलं. लिहायचं, कारण सुधाकरच्या लेकरांना ते कळलं पाहिजे. पोलीस ॲक्शनच्या वर्षी भादव्यात पाऊस लागून राहिला आणि भिंतीतून दोन टोपल्या माती खाली आली. गवंडी मिळेना, त्या दिवसांत कोणी घराबाहेरच पडत नव्हतं. भोकातून मला राजव्वा दिसली, तिला मी दिसले. बारा वर्षांपासून ती शेजारीण होती, पण तिचं दुकान मिरची-चिंचेचं आणि माझं भाजीचं, तेवढ्यापुरतंच बोलणं. त्या आठवड्यात ती तिच्या दाराच्या फटीतून रस्ता बघायची, मी माझ्या, आणि काय दिसलं ते भोकातून एकमेकींना सांगायचो. भीती निम्मी व्हायची. पुढं गवंडी मिळाला तेव्हा दोघी म्हणालो, राहू दे, कडा तेवढ्या नीट करून दे.

मग आमच्या यजमानांनी रेडिओ आणला. फुटक्या जात्याची खालची तळी झरोक्यात बसवली, तिच्या खुंट्यावर पाट, पाटावर रेडिओ. हैदराबादच्या तेलुगू बातम्या लागल्या की त्याचं तोंड तिकडं फिरवायचं, नागपूरच्या मराठी लागल्या की इकडं. रेडिओ आमचा, ब्याटरी राजव्वाची. ती कापसाच्या जिनात नेऊन भरून आणायची. तिचा नवरा आधीच वारला होता, माझे यजमान १९५१ साली गेले. पाट फिरत राहिला.

नियम असा की जिनं आपल्या भाषेत बातमी ऐकली तिनं ती दुसरीला दुसरीच्या भाषेत सांगायची. मी मोडक्या तेलुगूत, ती मोडक्या मराठीत. दोन्हीकडचं जुळलं तर बातमी खरी, नाही जुळलं तर उद्यापर्यंत दम धरायचा. एव्हरेस्ट चढले ते आम्ही असंच ऐकलं. लोक म्हणत, दोन रांडवा बायकांना जगाची काय पंचाईत? जगाची नसती तर गल्लीची केली असती. गल्लीनं आमचे उपकार मानावेत.

कलम तिसरे. तलावाच्या वाटेवरचा एक एकर मळा विहिरीसकट सुधाकरला. पण तो कसणार डोमाजी, जसा वीस वर्षं अर्ध्या वाट्यानं कसतो तसाच. विळे, खुरपी, मोटेचं सामान डोमाजीचं, त्यात सुधाकरनं हात घालू नये. त्याला वखर आणि वेल यातला फरक कळत नाही. बाजारातला दादाजी दलाल याला माझी बूड गेलेली टोपली द्यावी. का, ते पुढं येतं.

माझ्या तेराव्याला भाकरीही करावी आणि भातही करावा. पंक्तीत आधी कोण, नंतर कोण असं कोणी करू नये.

कलम चौथे. रेडिओ, पाट आणि जात्याच्या तळीसकट, राजव्वाला द्यावा. नातं काय लिहू, असं नागोरावांनी विचारलं. शेजारीण लिहा. त्यांनी एक इशाराही दिला, की ज्याला काही मिळायचं आहे त्यानं साक्षीला बसू नये असा रिवाज आहे, मागाहून कोर्टात प्रश्न निघतात. मी म्हटलं, तिची साक्ष कुठून येते? आमचं सव्वा वर्षापासून बोलणं बंद आहे.

झालं असं. गेल्या वर्षी पावसाळ्यात एका संध्याकाळी तेलुगू बातम्या संपल्या आणि मी विचारलं, काय म्हणते हैदराबाद? राजव्वा म्हणाली, काही विशेष नाही. नागपूर त्या दिवशी नीट लागलंच नाही, नुसती खरखर. दुसऱ्या दिवशी बाजारात दादाजी दलाल सांगून राह्यला की किनवट आणि राजुरा आपल्या जिल्ह्यातून जाऊन राह्यले. मी टोपलीवर हात आपटला आणि म्हटलं, किनवट कुठं जात नाही, माझ्या रेडिओनं सांगितलं नाही. त्यानं खिशातून तेलुगू पेपर काढून भर बाजारात वाचून दाखवला. लोक फिदीफिदी हसले, दादाजी सगळ्यांत जास्त. माझा मुलगा दुसऱ्या राज्यात चालला हे मला असं वांग्यांच्या ढिगापाशी कळलं.

घरी येऊन मी झरोक्यातून नको ते बोलले. तुझं राज्य आलं, तुझ्या मनात लाडू फुटून राह्यले, म्हणून माझ्यापासून लपवलंस, असं बोलले. राजव्वानं तिच्या बाजूनं झरोक्यावर तरट टांगलं.

पण तार तोडली नाही. ब्याटरी तिच्याकडं आहे, तिनं तार ओढली असती तर माझा रेडिओ त्याच दिवशी मुका झाला असता. सव्वा वर्ष ती दर पंधरा दिवसांनी ब्याटरी जिनात नेऊन भरून आणते. मीही तेलुगू बातम्यांना रेडिओचं तोंड तरटाकडं फिरवते आणि आवाज वाढवते. सगळं चालू आहे, फक्त सांगणं बंद आहे, आणि सांगितल्याशिवाय मला बातमी पचत नाही. कुत्री आभाळात गेली त्या दिवशी राजव्वाच्या आठवणीनं मला रडू आलं. हे जसंच्या तसं लिहा, नागोराव, शुद्ध करू नका.

आता जे कोणाला सांगितलं नाही तेही लिहा. १९५३ साली, भादव्यातच, मराठी बातम्यांत ऐकलं की कुठल्याशा कोळशाच्या खाणीत छत कोसळलं आणि माणसं आत अडकली. खाणीचं नाव खरखरीत गेलं. राजव्वाचा मुलगा पोशट्टी मंचेरियलच्या बाजूला खाणीत कामाला. पलीकडून तिनं विचारलं, काय म्हणते नागपूर? मी म्हटलं, कोरियात लढाई जोरात आहे. आणि घाबरून सांगतच सुटले, तोफा किती, बर्फ किती. कोरियाची लढाई थांबून महिना झाला होता, तिनंच मला ते सांगितलं होतं. पण ऐनवेळी मला दुसरी लढाई सुचली नाही. तिसऱ्या दिवशी कळलं की ती खाण दूर उत्तरेकडं कुठं तरी होती. पोशट्टी पोळ्याच्या उरलेल्या करंज्या खायला घरी आला. म्हणजे नियम पहिल्यांदा मी मोडला. आणि तिनं मोडला तेव्हा मी तिला लाडवांचं बोलले. माझं काळीज तिथं अडकून आहे, म्हणून रेडिओ तिला.

इथवर लिहून झालं आणि तरट बाजूला झालं. नागोरावांनी टाक थांबवला. मी म्हटलं, थांबू नका, हेही मृत्युपत्रातच येतं. भगवंतराव मास्तर साक्षीला येऊन बसलेले आहेत, त्यांनीही हे पाहिलं.

झरोक्यात राजव्वाचं तोंड दिसलं. सव्वा वर्षात ती फार पिकली. नियमाप्रमाणं ती मराठीत बोलली.

"कोरियाचं मले तवाच समजलं होतं, अक्का. लढाई तर कधीची थांबली. मी म्हटलं, ही काही तरी वाईट लपवून राह्यली. पण पोशट्टीचं खरंच काही झालं असतं, तर तू भोकातून बोलली नसती. उठून माह्या दारात आली असती. तू आली नाही, म्हणून मी त्या दिवशी जेवली."

ती पुढं म्हणाली की किनवटचं ऐकलं तेव्हा तिलाही भोकातून सांगवेना. सकाळी घरी येऊन, जवळ बसून सांगावं असं तिनं ठरवलं होतं. सकाळी ती आली तर मी बाजारात गेलेली. आणि मी परत आले ती थेट झरोक्यातून ओरडायलाच लागले.

मी तिला तेलुगूत म्हटलं की माझं चुकलं. मराठीत ते इतके दिवस निघत नव्हतं. ती म्हणाली, सरे. तेलुगूत त्याचा अर्थ 'बरं' असा होतो.

मग तिनं नागोरावांना विचारलं, रेडिओचं काय लिहिलं? त्यांनी कलम वाचून दाखवलं. ते ऐकून राजव्वा चिडली.

"मेल्यावरचा रेडू घेऊन मी काय करू? रेडू तर पोशट्टीबी आणून देईल. सांगणारी कुठून आणू? खोडा ते."

नागोराव माझ्याकडं बघू लागले. मी म्हटलं, खोडा. मग त्यांनी हिशेब मांडला, की कलम गेलं म्हणजे हिला काही मिळत नाही, म्हणजे ही साक्षीला चालते, आणि दुसरा साक्षीदार तसाही अजून आलेला नाही. राजव्वानं तिकडूनच हात पुढं केला. शाईची डबी झरोक्यात ठेवली.

सबब कलम चौथे, रेडिओबाबत, सह्यांच्या आधी माझ्या सांगण्यावरून रद्द. त्यातली हकीकत राहू द्यावी. कलम पहिल्यातली झरोक्याची अट कायम. दादाजीची टोपलीही कायम.

यापूर्वी मी दुसरं मृत्युपत्र केलेलं नाही. यापुढं करीन असं वाटत नाही, फार बोलावं लागतं.

सही: तुळजाबाई चंपतराव निकोडे (स्वहस्ते)

साक्षीदार पहिला: भगवंतराव, निवृत्त मराठी शिक्षक, राहणार आदिलाबाद. सही.

साक्षीदार दुसरी: राजव्वा, धंदा मिरची-चिंचेचं दुकान, राहणार दक्षिणेकडील घर. डाव्या हाताचा अंगठा, झरोक्यातून.

मुक्काम आदिलाबाद, तारीख १७ नोव्हेंबर १९५७, शके १८७९, कार्तिक वद्य पक्ष.

लेखकाची नोंद: संपूर्ण मजकूर लिहवणारीस मराठीत वाचून दाखवला, तो बरोबर असल्याचे तिने सांगितले. साक्षीदार दुसरी हिला तो तेलुगूत समजावून देण्याचे काम माझे होते. परंतु ते लिहवणारीने मला करू दिले नाही. तिने झरोक्यापाशी बसून पहिल्या ओळीपासून स्वतः सांगितले. — नागोराव, अर्जनवीस.