शिशाच्या भिंतीतला सुका मासा

सुन-दोकताई,

वाकून नमस्कार. भावोजींचा खोकला आणि बडबड, दोन्ही कशी आहेत? (एकच थांबवता येत असेल तर खोकला थांबव, घरात आवाज हवा.)

गेल्या महिन्यात एका सोमवारी सकाळी मी तू पाठवलेला सुका मासा दोरा गुंडाळून शिशाच्या भिंतीत लपवला. तेव्हापासून विश्वाचं गणित बिघडलं आहे.

आमच्या जुन्या खाणीत, हजार मीटर खाली, बांगबाई आणि त्यांचे बारा शास्त्रज्ञ अदृश्य द्रव्य शोधतात. ते सगळीकडे आहे, दिसत नाही, हाताला लागत नाही, पण त्याच्या वजनावर आकाशगंगा टिकून आहेत म्हणे. (पर्वतदेवाबद्दल आपले आबा हेच सांगायचे, त्यांना यंत्र लागलं नाही.) नव्या यंत्रापुढे आम्ही रीतीप्रमाणे डुकराचं डोकं मांडलं, तांदळाची दारू शिंपडली, बाईंसकट सगळ्यांनी जमिनीला डोकं टेकलं. मी दारावर मासा टांगायला गेलो तर बाई म्हणाल्या, "प्योंग-हो, मासा नको. केळ्यात, माशात, माणसात, सगळ्यांत थोडा किरणोत्सर्ग असतो. यंत्राला तो कळतो."

"मग बाई, तुम्ही?"

"मी संध्याकाळी घरी जाते!"

पण शकुनाचा मासा परत नेणं म्हणजे नशीब परत नेणं. बाहेरचा किरणोत्सर्ग अडवायला यंत्राभोवती शिशाच्या विटा मीच रचत होतो. आतल्या बाजूला एक फट दिसली.

अदृश्य द्रव्य धडकलं की उडतात म्हणे, तशा ठिणग्या आठवड्याभरात यंत्रात दिसू लागल्या. दहा वर्षं हात रिकामे असलेली माणसं ती! बाईंनी तीनदा तपासलं, चौथ्यांदा रडल्या. डॉक्टर मिन यांनी मला मिठीच मारली. "काका, सापडलं! शुक्रवारी जगाला सांगणार!" मी म्हणालो, "छान." (याहून मोठं खोटं मी बायकोशीही बोललेलो नाही.) मासा गुपचूप काढावा, तर ठिणग्या विझतील आणि त्या का विझल्या हे शोधण्यात या माणसांचा उरलेला जन्म जाईल. मठात जाऊन एकशे आठ नमस्कार घातले. बुद्ध काही बोलला नाही, कंबर बोलली.

तुझा धाकटा,
प्योंग-हो

ता. क. तुझ्या मासे वाळवायच्या खळ्यावर बर्फात उभा राहणारा माणूस हवा आहे का? पत्र खरं तर यासाठीच.

ता. क. २. पाकीट पुन्हा फोडलं. आज गुरुवार. बाईंना सांगून आलो. त्यांनी शुक्रवारच्या घोषणेचा कागद उलटा करून ठेवला. मग म्हणाल्या, "डोक्यासकट?"

"डोकं नसेल तर शकुन कसला, बाई?"

फसव्या ठिणग्यांची कारणं लिहायची एक वही असते. मिन यांनी पेन उचललं, पण 'मासा' लिहायला त्यांचा हात धजेना. मी पेन घेतलं, लिहिलं आणि खाली सही केली.