बुरुलसाठी धरून ठेवलेली खुर्ची

२ मार्च
एलनुराचा फोन. म्हणाली, पापा, आधी बसा. मी बसलेलाच होतो. म्हणाली, आई इस्तंबूलला चाललीय, एप्रिलात. तिकडे एका घरी तान्हं मूल सांभाळायचं काम मिळालंय.
मी म्हटलं, छान.
चहा सांडला. कपाचा कान आधीपासूनच हलत होता.

३ मार्च
शांत डोक्यानं विचार केला. बुरुल ऑक्टोबरपासून तिच्या थोरल्या बहिणीकडे राहते. बहिणीचे गुडघे दुखतात म्हणून. शेजारीपाजारी उगाच भलतंसलतं बोलतात. रागावून गेलेली बायको घर धुऊन नेते. बुरुलनं काय नेलं? शिवणयंत्र, दोन्ही थंडीचे कोट, आईची गोधडी आणि चांगली कढई. बाकी सगळं इथंच आहे. म्हणजे येणार.
इस्तंबूल हे मध्येच उपटलं. तेवढं रोखायचं.

५ मार्च
एलनुराला सहज विचारल्यासारखं विचारलं, विमान कुठल्या कंपनीचं? म्हणाली, सगळ्यात स्वस्त मिळालं ते. पाणीसुद्धा विकत देतात. बॅग एकच, तीही मांडीवर घेण्याएवढी.
वाईट वाटलं. बुरुल एकदा म्हणाली होती, 'आयुष्यात मला कुणी कधी, या, बसा, म्हणालं नाही.' भांडताना म्हणाली होती. मी बातम्या बघत होतो, पण कानावर पडलं.

८ मार्च
महिला दिन. बुरुलला फुलं पाठवणार होतो. दुकानात रांग फार. पुढच्या वर्षी लवकर जायचं.

११ मार्च
मार्ग सापडला!
तळमजल्यावरचा अब्दिल्दा टॅक्सी चालवतो, विमानतळाच्या रोज फेऱ्या. त्याला म्हटलं, विमानतळावर माणसाला मान मिळेल अशी काही जागा असते का? म्हणाला, 'दादा, असते ना! लाउंज म्हणतात. आत सोफे, गरम सूप, कोन्याक, सगळं फुकट. दारातच पोरगी म्हणते, या, बसा.'
मी म्हटलं, पण स्वस्तातल्या विमानवाल्यांना कोण आत घेतंय?
तो म्हणाला, 'तीच तर गंमत! ते तिकीट बघत नाहीत, कार्ड बघतात. कार्ड भारी असलं की खटाऱ्यानं उडणारासुद्धा आत राजा.'
या, बसा. अगदी तिचेच शब्द. याला योगायोग म्हणत नाहीत.

१२ मार्च
योजना. विमानाआधी दोन तास बुरुल आणि मी लाउंजमध्ये. गालिचा, शांतता. मी सूप आणून देणार. मग बोलणार. ती विमानात बसणारच नाही. संध्याकाळी दोघं घरी.
एलनुराला सांगायचं नाही. ती प्रत्येक गोष्टीत 'पण पापा' म्हणते.

१८ मार्च
चुलतभावाची सून बँकेत आहे. तिच्याकडून कळलं, तसलं कार्ड हवं तर बरीच रक्कम ठेव म्हणून ठेवावी लागते. गॅरेज विकायला काढलं. आत गाडी नव्हतीच, बटाटे होते.

२९ मार्च
कार्ड आलं! काळं आहे. सून म्हणाली, यावर तुम्ही आणि एक पाहुणा आत जाऊ शकता.
मी म्हटलं, पाहुणा नाही, बायको आहे.
म्हणाली, नियमात पाहुणाच लिहितात.
वाद घातला नाही. बदलतोय मी.

३० मार्च
संकल्प: बुरुल बोलत असताना मध्ये बोलायचं नाही. ती नुसतं 'हं' म्हणाली तर तिथंच थांबायचं, पुढं समजावत बसायचं नाही. तिच्यापुढं 'वास्तविक पाहता' म्हणायचं नाही.

१ एप्रिल
अडचण. लाउंज सुरक्षा तपासणीच्या आत आहे, आणि तिकिटाशिवाय आत सोडत नाहीत. अब्दिल्दा म्हणाला, 'मग काढा की तिकीट! कुठलंही. ओशचं काढा, डोंगरापलीकडंच आहे, मातीमोल मिळतं. उडायचं थोडंच आहे?'
या माणसाला मंत्री करायला हवा. तिकीट काढलं. बुरुलचं विमान दुपारी, माझं ओशचं त्याच सुमारास. मी तीस वर्षं मुलांना भूगोल शिकवला. कुठून कुठं कसं जायचं हे मला कुणी सांगायला नको.

६ एप्रिल
मेहुणीकडे गेलो. निमित्त काढलं, बटाटे द्यायचे. मेहुणी स्वतः उठून दार उघडायला आली. गुडघे चांगले दिसले.
बुरुल खिडकीपाशी बसून एका छोट्या झबल्याला काठ लावत होती. बारीक झालीय. म्हणाली, ये, बस.
मी बसलो. बटाट्यांच्या जातीविषयी बोललो. बराच वेळ बोललो असेन, कारण चहा निवला. ती 'हं' म्हणाली. थांबलो! एकदम थांबलो. तिनं वर बघितलं. मला वाटतं तिच्या लक्षात आलं.
मग म्हणाली, 'शनिवारी पोचवायला येशील?'
मी म्हटलं, येणार म्हणजे काय!
म्हणाली, 'मी कितीदा गावाला गेले, आई वारली तेव्हाही गेले, कधी स्टँडपर्यंत आला नाहीस. या वेळी ये. बाहेरच्या हॉलमध्ये सगळे जमणार आहेत. काही आणू नकोस, काही बोलू नकोस. नुसता उभा राहा.'
(वास्तविक पाहता एकदा मी स्टँडच्या फाटकापर्यंत गेलो होतो. पाऊस होता. बोललो नाही.)
मेहुणी म्हणाली, नान मी भाजून आणते. मी म्हटलं, नान मी आणणार. निघणाऱ्यानं नानचा एक घास तोडायचा, उरलेला घरी टांगायचा, परतल्यावर तिनंच संपवायचा. हे नवऱ्याच्या घरचं काम आहे. मेहुणी काही बोलणार होती, पण बुरुल म्हणाली, 'आणू दे त्याला. विसरू नकोस फक्त.'
परत येताना उतारावर जवळजवळ पळत होतो. नुसता उभा राहा म्हणे! बिचारीला माहीतच नाही मी काय करून ठेवलंय.

१० एप्रिल
लग्नातला सूट काढला. कोट होतो. बटण लावायचं नाही, मोकळाच रुबाबदार दिसतो.
बोलायचं ठरवलेलं पाठ केलं. लांबतंय. अर्धं कापलं, तर आत माझीच बाजू उरली. ती कापली, तर काहीच उरेना. ऐन वेळी सुचेल.

११ एप्रिल, सकाळी
अब्दिल्दाच्या टॅक्सीत. नान मऊ फडक्यात गुंडाळून बॅगेत. बुरुल यायच्या आधी आत जाऊन खुर्च्या धरायच्या. हॉलमध्ये रडारड असते, मेहुणीचा गोतावळा असतो, तिथं दोन शब्द बोलता येत नाहीत. ती तपासणी करून आत येईल आणि बघेल तर मी उभा. बिनाबटणाचा.

तिथेच, थोड्या वेळानं
लाउंजमध्ये!!
कार्ड यंत्रावर टेकवलं, हिरवा दिवा लागला. पोरगी म्हणाली, या, बसा. मी नाक ओढलं. तिला वाटलं सर्दी, तिनं रुमाल दिला.
कोपऱ्यात दोन खुर्च्या धरल्या. एकीवर मी, दुसरीवर ओव्हरकोट. सूप आहे, मसुराचं. सामसे आहेत, खिम्याचे, जरा थंड. कोन्याकच्या बाटलीला हात लावला नाही.
बुरुलला संदेश पाठवला: 'हॉलमध्ये वेळ घालवू नकोस. आत ये. आत तुझ्यासाठी मोठी गोष्ट आहे.'

साडेअकरा
एलनुराचा फोन. घेतला नाही. आवाजावरून ओळखेल.
एका जाड्या माणसानं विचारलं, ही खुर्ची रिकामी आहे का? मी म्हटलं, बायको येतेय.

पावणेबारा
एलनुरा पुन्हा. पुन्हा. घेतला नाही. बुरुलच्या ताटलीत दोन सामसे, काकडी, तिला आवडतो तो मनुकांचा पुलाव थोडा. सूप शेवटी आणायचं, नाहीतर निवतं.
जाड्यानं पुन्हा विचारलं. पुन्हा सांगितलं.

बारा
सूप आणलं. तिला मिरी लागते, घातली.
बुरुलनं संदेश वाचलाय. उत्तर नाही. आत येण्याच्या गडबडीत असणार.

सव्वाबारा
सूप निवलं. दुसरं आणलं.
माइकवर ओश, जलालाबाद, बातकेन, पुन्हा ओश. इस्तंबूलचं नाव नाही. विमान उशिरा असणार. स्वस्तातली कंपनी, आणखी काय होणार. आमच्या पथ्यावरच पडलं.
दारातल्या पोरीला जाऊन विचारतो.

११ एप्रिल, घरी
लिहून टाकतो.
पोरीला विचारलं, इस्तंबूलचं विमान किती उशिरा आहे? म्हणाली, 'ते इथून नाही हो सुटत. हा देशांतर्गत भाग. परदेशी जाणारे पलीकडून जातात, त्यांचा लाउंज वेगळा.' मी म्हटलं, मग माझी बायको या खोलीत कशी येईल? ती म्हणाली, 'इथं नाही येऊ शकणार त्या.' आणि अगदी हळू म्हणाली, कुणाला लागू नये तसं.
ओव्हरकोट तिथंच राहिला. उलटा पळालो. पहारेकरी सोडेना. आत आलात कशाला, बाहेर कशाला, बॅगेत काय? नान, म्हटलं. त्यानं फडकं सोडून बघितला, वास घेतला. मग म्हणाला, जा, आजोबा.
हॉलमध्ये एलनुरा एकटी उभी होती. बाकीचे गाडीकडे गेले होते. डोळे सुजलेले. म्हणाली, 'पापा, कुठं होता तुम्ही?'
सांगितलं. सगळं सांगितलं. कार्ड दाखवलं. ती कार्डाकडे बघत राहिली.
मग म्हणाली, 'आई शेवटच्या सूचनेपर्यंत आत जाईना. रांगेतल्या मागच्या बायकांना पुढं सोडत होती. मावशी ओरडली तिच्यावर. तुमचा संदेश आला तो तिनं मला दाखवला, म्हणाली, बघ, आजही कुठूनतरी सूचनाच देतोय. मग विचारलं, नान कुठंय? मी म्हटलं, पापांकडे. तिनं दाराकडे बघितलं एकदा. मग गेली.'
घास न तोडता गेली.
तेवढ्यात माइकवर आलं, 'ओशला जाणारे प्रवासी तुरदुबाएव, प्रवासी तुरदुबाएव, आपल्यामुळे विमान थांबलेलं आहे.' लागोपाठ दोनदा. अख्ख्या विमानतळावर माझं नाव.
एलनुरानं विचारलं, पापा, तुम्ही चाललात कुठं?
मी म्हटलं, कुठंच नाही.

१२ एप्रिल
कालचं सगळं विमानतळाच्या रचनेमुळे झालं. पाट्या अपुऱ्या आहेत. तक्रार लिहायला बसलो.

१३ एप्रिल
लिहिली नाही. दारावर ही एवढी पाटी होती. मी रुबाब सांभाळत होतो, वाचली नाही.

१५ एप्रिल
अब्दिल्दा ओव्हरकोट घेऊन आला. त्या पोरीनं जपून ठेवला होता. म्हणाला, 'दादा, चुकलं माझं. मी आत कधी गेलोच नाही. दारापर्यंतच जातो.' मी म्हटलं, जाऊ दे रे. त्याला चहा दिला. नान होता, कडक झालेला. त्यानं हात पुढे केला. तो नको, म्हटलं. बिस्किटं काढली.

१९ एप्रिल, रविवार
दुपारी बुरुलचा फोन. स्वतःहून.
बरी आहे. मूल गोड आहे, पण तिचा पदर सोडत नाही. घर समुद्रापासून लांब आहे. विमानात तहान लागली होती, पण शेजारच्या बाईनं आपल्या बाटलीतलं पाणी दिलं.
मग म्हणाली, 'माइकवर तुझं नाव ऐकलं मी आत. ओशला कशाला चालला होतास, नेमका त्या दिवशी?'
एलनुरानं तिला काही सांगितलेलं दिसत नाही. मी सांगितलं. लाउंज, कार्ड, दोन खुर्च्या, सूप. ती ऐकत गेली. मग हसायला लागली. किती वर्षांनी ऐकलं ते हसणं. मीही हसलो. हसता हसता ती एकदम थांबली.
म्हणाली, 'मी तुला उभा राहा म्हटलं होतं रे. तेवढंच.'
मी म्हटलं, हं.
म्हणाली, 'एलनुराकडे फारकतीचे कागद दिलेत. सही करून ठेव. राग नाही माझा.'
मी पुन्हा हं म्हटलं. पुढं काही बोललो नाही. आता काय उपयोग, पण नाही बोललो.
मूल रडायला लागलं. ती फोन ठेवणार, तर म्हणाली, 'मी खिडकीशी बसले होते. विमान वळलं तेव्हा इमारतीकडे बघत होते. तू आत होतास म्हणतोस, मग दिसलं का तुला, आमचं विमान जाताना?'
मी म्हटलं, हो. दिसलं. लांबपर्यंत दिसत होतं.
म्हणाली, बरं झालं. आणि फोन ठेवला.
ते उडालं तेव्हा मी बाहेर बसथांब्यावर होतो, नान मांडीवर घेऊन. आवाज आला. वर बघायचं धाडस झालं नाही.