आवाज न चढवता

सोमवार, ४ मार्च

चि. सूनबाई,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे, गुडघे आपले कुरकुरत असतात. शिलाई मशीनचा पट्टा बदलून घेतला. सध्या पडदे शिवते आहे, गडद निळे. रंग मी निवडलेला नाही. तुझ्या नव्या खोलीत ऊन येतं का गं? परवा फोनवर विचारायचं राहिलं.

ऑफिसच्या शिबिरातून तू ती पळीची पद्धत शिकून आलीस, तेव्हा मी किती चेष्टा केली होती. पळी ज्याच्या हातात त्यानेच बोलायचं, दुसऱ्याने मध्ये तोंड घालायचं नाही, आवाज चढवायचा नाही. माझा आणि तुझ्या सासऱ्यांचा सगळा संसार तोंडाचे पट्टे सोडण्यात गेला. आमची भांडणं शेजाऱ्यांना पाठ होती. पुढे पंख्यावरून आपलं वाजलं, तू पळी माझ्या हातात दिलीस आणि माझं संपेपर्यंत खरंच ऐकून घेतलंस. जन्मात माझं इतकं कुणी ऐकलं नव्हतं. त्या दिवसापासून तू मला पोटच्या लेकीसारखी झालीस.

तुमचं दोघांचं मात्र निराळंच झालं. आपल्यात आता काही उरलं नाही, असं त्याने पळी हातात धरून सांगितलं आणि तू विचारलंस, "अजून काही?" मी स्वयंपाकघरात उभी होते. भांडला असतात तर मध्ये पडले असते. मध्ये पडायला जागा कुठे ठेवलीत तुम्ही?

पुढच्या महिन्यात त्याची ती इथे राहायला येते आहे. पडदे तिच्या खोलीचे. वाईट नाही ती, उगाच खोटं कशाला बोलू.

काल तो माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "आई, तू अजून तिला फोन करतेस, रविवारी भेटतेस, त्यामुळे हिला अवघडल्यासारखं होतं. बंद करशील का?"

"नाही करणार," मी म्हटलं. "बायको तुझी गेली. माझी मुलगी कुठेही गेलेली नाही." आणखीही पुष्कळ बोलले. त्याने एकदाही मध्ये तोडलं नाही. शेवटी म्हणाला, "तुला पटत नाही, कळतंय मला. तरी माझ्यासाठी एवढं कर."

ऐकावे जनाचे, करावे मनाचे, आणि तेही इतक्या नरमाईने. ओरडला असता तर मी दुप्पट ओरडले असते. त्या मऊ आवाजापुढे मी हो म्हणून बसले. या वयात दुसरं घर कुठून आणू?

तेव्हा फोन करू नकोस. रविवारी बागेत माझी वाट बघू नकोस. या पत्राला उत्तरही नको. तुला हे पटणार नाही, ठाऊक आहे मला. खरं तर समोर बसून तुझंही म्हणणं ऐकून घ्यायला हवं होतं. पण तुझं ऐकलं, तर माझ्याने हे होणार नाही.

आजच्यापुरती तुझी,
आई