'शके' राहिलं आन् इमारत म्हातारी झाली

अंथुर्णे, माघ वद्य पंचमी, शके १९४७
(म्हंजे इंग्रजी २०२६. हे आता आमी समदीकडं लिहितो, का ते पुढं कळंल.)

ती. दाजी मोहनराव यांना धाकटा मेव्हणा जोतीराम याचा वाकून दंडवत. हितं समदी खुशाल. लीलाआक्काचे गुडघे कसे हायत? आन् तुमची तब्येत? शुगर, बीपी, झोप, समदं नीट कळवा. सध्या तुमच्या तब्येतीवर लई अवलंबून हाय. तुमी फोन उचलत न्हाय, म्हणून पत्र दीपकच्या दुधाच्या गाडीनं बारामतीला धाडतोय.

दसऱ्याला तुमच्या हातून वस्तीवरच्या अभ्यासिकेचं उद्घाटन झालं, त्याची ही कथा. कोनशिलेवर साल आपलंच पायजे, हा हट्ट माझा. पंचांग काढलं, शके १९४७. पर तुमचं नाव, 'माजी मुख्याध्यापक', एम.ए. (दोनदा), बी.एड. एवढं कोरून झाल्यावर पाथरवट म्हणाला, आता 'शके'ला जागा न्हाय. मी म्हटलं, ऱ्हाऊ दे, नुसता आकडा टाक, लोकांना काय कळत न्हाय व्हय! (चूक माझी हाय. निम्मी तुमच्या पदव्यांची.)

परवा धोकादायक इमारतींच्या तपासणीला एक साहेब आले. कोनशिला वाचली, चार पावलं मागं सरकले आन् वहीत लिहिलं, वय वर्षं पुरी अठ्ठ्याहत्तर. अहो दाजी, भिंतीचा रंग अजून हाताला लागतोय! तर म्हणाले, डागडुजी बरी ठेवलीय. बांधकामाचे कागद दाखवले, तर म्हणाले, हे दुरुस्तीचे. काल दारावर नोटीस लागली, सोमवारी पाडणार. आत माझी लेक अबोली आन् तिच्यासारख्या तीस पोरी परीक्षेचा अभ्यास करत्यात. घरी ना टेबल ना शांतता. माझ्या एका आकड्यापायी त्यांचं छप्पर जाणार, ह्यानं घास गोड लागंना.

मग मी सालांचाच अभ्यास केला. दाजी, काय गंमत हाय वो ही! इंग्रजी साल येशूच्या जन्मापासून मोजत्यात, पर त्या पहिल्या वर्षी कुणाला ठाऊकच न्हवतं की हे पहिलं वर्ष हाय! पाचशे वर्षांनी रोममधल्या एका साधूनं सणाच्या तारखा मांडता मांडता उलटं मोजत जाऊन ते ठरवलं, आन् त्यातबी म्हणं चार-पाच वर्षांची चूक. शून्य साल घालायचं तर ऱ्हायलंच. आन् त्यावर समदं जग चालतंय! आपलं शक इंग्रजी सालाच्या अठ्ठ्याहत्तर वर्षं मागनं सुरू झालं (कुणी केलं, त्यावर पंडित अजून भांडत्यात). आमची सारजाआत्या तर बहात्तरच्या दुष्काळापासून मोजती; तिच्या लेखी अभ्यासिका दुष्काळानंतर त्रेपन्नाव्या साली झाली. हे समदं मी साहेबांना फोनवर अर्धा तास सांगितलं. ते म्हणाले, लेखी द्या.

आक्काला नमस्कार.

आपला,
जोतीराम

ता.क. : खरं काम हे हाय. नोटिशीत छापलंय, 'उद्घाटक कै. मोहनराव'. साहेबांचं म्हणणं, १९४७ ला जो माजी मुख्याध्यापक होता, तो आज असंल कसा? तवा सोमवारी पहिल्या एसटीनं या, हयातीचा दाखला आणा आन् कोनशिलेशेजारी उभं ऱ्हा. भाषण नको, श्वास घेतला तरी पुरं. आक्काला यातलं काय वाचून दाखवू नका.

ता.क. दुसरा : थांबा, थांबा! दीपकची गाडी यायच्या आत पाथरवट नवी कोनशिला घेऊन आला. मी सांगितलेलं, आता इंग्रजी २०२५ टाक. त्यानं मागली चूक लई मनाला लावून घेतलेली, म्हणून ठसठशीत कोरलंय, 'शके २०२५'. मी कपाळाला हात लावला, तेवढ्यात साहेब हजर. त्यांनी वाचलं, बोटांवर अठ्ठ्याहत्तर मिळवले (मीच शिकवलेले) आन् म्हणाले, ही तर इसवी सन २१०३ ची इमारत; जी अजून बांधलीच न्हाय, ती पाडू कशी? नोटीस फाडली! पोरी नाचत्यात नुसत्या. सोमवारी येऊ नका. पर दगडावर उद्घाटक म्हणून नाव तुमचंच हाय, एकवीसशे तीनला यावंच लागंल. तवर जिवाला जपा.