जबलपूरहून तू एकटी परतलीस

माय, तू मला जबलपूरला न्यायला आली होतीस, त्या दिवसाबद्दल आपण कधी बोललोच नाही.

मी इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. वर्गात मुलगी मी एकटीच. मुलींसाठी हॉस्टेल नव्हतं, म्हणून बाबांच्या ओळखीच्या एका मराठी कुटुंबात राहायची. त्याच वर्षी राज्यांची नवी वाटणी झाली. नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आपलं सौंसर मध्य प्रदेशातच राहिलं. आपली सारी सोयरीक नागपूरकडची, त्यामुळे पोरीला आता स्थळ कुठून मिळणार याचा बाबांनी धसकाच घेतला. तेवढ्यात आपल्याच बाजूच्या पांढुर्ण्याच्या एका संत्र्याच्या व्यापाऱ्याकडून विचारणा आली. अट एकच होती. शिक्षण इथंच थांबवायचं.

तू छोट्या रुळाच्या गाडीनं, नैनपूरला गाडी बदलून आलीस. शेजारच्या रामाकोना स्टेशनाच्या पुढं तू त्याआधी कधी एकटी गेली नव्हतीस. चेहऱ्यावर इंजिनाची काजळी तशीच होती. पाणी प्यायलीस आणि म्हणालीस, "तुह्या बापानं धाडलं मले. उद्याच्या गाडीनं तुले घेऊन ये म्हणे."

"उद्या माझं प्रॅक्टिकल आहे, माय."

तू पदरानं तोंड पुसलंस. "मंग मीबी येतो. पाहू दे, काय करून राहिली तू इथं."

प्रयोगशाळेच्या दारात तू चपला काढून उभी आहेस. मी पदर खोचून तारा जोडते आहे, पोरं बाजूला सरकून जागा देतात. आमचे सर हिंदी बोलणारे, वयस्कर. त्यांनी तुला स्टूल दिलं आणि माझं काम झाल्यावर म्हणाले, "माताजी, मोटर आप चलाइए." तू माझ्याकडे पाहिलंस. मी तुझा हात स्टार्टरच्या मुठीवर ठेवला आणि सांगितलं, एकदम ओढू नको, मोटरीला वेग येऊ दे, मग थोडी पुढं ने. तू श्वास रोखून मूठ सरकवत होतीस. मोटर घुमू लागली, तिच्या जोडीचं जनित्र फिरलं आणि समोरच्या फळीवरचे दिवे हळूहळू उजळले. तू हसलीस. आपल्या घरात, माणसांसमोर, तुला तसं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

बाहेर आल्यावर तू विचारलंस, "बिघडलं तं तुले दुरुस्त करता येते?"

"बरंचसं येते. नाही आलं तर सरांना विचारते."

"इचारलं तं रागावत नाई?"

"नाही."

"मले कोणी असं हातात देऊन शिकवलं नाई," तू म्हणालीस. तुझ्या बोलण्यात तक्रार नव्हती. मग माझी कपडे भरलेली पिशवी स्टेशनपर्यंत तूच वाहिलीस. गाडी लागल्यावर माझी पिशवी माझ्याच हातात देऊन म्हणालीस, "तू परीक्षा दे. तुह्या बापाले मी सांगतो."

ते स्थळ मोडलं. बाबा तुझ्याशी कितीतरी दिवस बोलले नाहीत. जेवायला वाढलंस तरी ताटाकडे पाहूनच हुंकार द्यायचे. हे मला तू गेल्यावर मावशीनं सांगितलं. तू कधी कळू दिलं नाहीस. मी सुट्टीत घरी आले की फक्त विचारायचीस, नीट जेवतेस ना. मी पास झाले, वीज खात्यात नोकरी लागली, आणि त्याच हिवाळ्यात तू गेलीस. तुला नोकरीच्या गावी नेऊन माझ्या हातचा स्वयंपाक खाऊ घालायचा होता, ते राहून गेलं. पुढं सगळी नोकरी सबस्टेशनांवर काढली. हाताखालच्या नव्या पोरांना मी स्वतः पाना धरायला द्यायची. बाई फार समजावून सांगतात, असं ती आपसात म्हणत.

हे पत्र कुठं धाडायचं नाही, म्हणून एक सांगते. त्या दिवशी गाडी हलली तेव्हा सुटले म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. पण खिडकीत तू पाठमोरी दिसलीस आणि मला वाटलं, पळत जाऊन चढावं आणि तुझ्याबरोबर घरी यावं. तू एकदा जरी मागं वळून "चाल" म्हणाली असतीस ना माय, तर मी आले असते.