रेडिओतले सेल

३ मार्च
धाकट्याचा फोन. आई गेल्यानंतरचा पहिलाच. ‘दादा, बाकी काही नको. आईचा रेडिओ तेवढा दे.’
तेवढा! आमचं वाजलं तेव्हा मी म्हटलं होतं – मी घरात असताना पायरी चढू नकोस. म्हणून तीन वर्षं आईलाही विसरायचं? ती गेली त्या दिवशी सगळ्यांसमोर विचारलं, तर म्हणे, ‘येत होतो. तू कामावर असायचास तेव्हा.’ धादांत खोटं! तोंडावर म्हटलं तसं.
रेडिओ मी आणलाय, दोन वर्षांपूर्वी. देणार नाही.

४ मार्च
कोर्टात साक्ष. वकील – शिक्षण? मी – दहावी. मग दिव्याच्या उजेडात बोटांचे ठसे शोधायला शिकवलं कुणी? म्हटलं, कुणी नाही साहेब. पोलिसांच्या प्रयोगशाळेत फरशी पुसायला लागलो, पुस्तकांवरची धूळ झटकता झटकता वाचली. जजसाहेबही हसले.
मग त्याचा हुकमी प्रश्न – ‘तिजोरीवर ठसा नाही, म्हणजे आरोपी तिथे गेलाच नाही ना?’ मी म्हटलं, ‘ठसा मिळाला नाही म्हणजे माणूस आला नाही, असं होत नाही.’ वकिलाने पुढचं पान उलटलं!
घरी येऊन सांगणार कुणाला? कुलपाला सांगितलं.

७ मार्च
घर खायला उठतं. रेडिओ लावला – खणखणीत! आई तर दिवसभर लावून ठेवायची. सेल महिनाभरसुद्धा टिकले नसतील. बदलायचं कोण? तिच्या थरथरत्या हातांनी ते झाकण उघडणं शक्य नाही. मी कधी बदलले नाहीत. कधी विचारलंही नाही.

८ मार्च
चमकणारी पावडर आणि निळा दिवा घरी न्यायची परवानगी मागितली. मॅडम, पदवीवाल्या, माझ्या निम्म्या वयाच्या – ‘काका, घरी कसली केस?’ म्हटलं, खोटारडेपणाची. ‘बरं, नारिंगी चष्मा न्या हं, पिवळा नको.’
मला शिकवतात!
पुराव्यानिशी खोटं पाडतो त्याला.

९ मार्च, रविवार
दुपारी खिडक्यांना काळं कापड लावलं. हातमोजे. चारही सेल चिमट्याने टोकाला धरून काढले. वेष्टण लाल-सोनेरी, वर बारीक छपाई – काळी पावडर टाकली असती तर अक्षरांत सगळं हरवलं असतं. म्हणून ही चमकणारी. मऊ ब्रश, नुसता टेकवायचा, घासायचा नाही. दिवा तिरका. चष्मा.
छपाई विझली. ठसे पेटले.
तिसऱ्या सेलवर अंगठा. चक्र, आणि चक्राच्या मधोमध आडवी कोरी रेघ. भिंग लावलंच नाही. त्या रेघेला मी ओळखतो. धाकटा सात वर्षांचा, पत्र्याच्या डब्यावरून आमची ओढाओढ – डबा मी हिसकावला, त्याचा अंगठा चिरला होता.
चारही सेलवर तोच. माझा एकही नाही.
कोर्टातलं वाक्य आठवलं. माझ्या बाबतीत ते लागू नाही. मी खरंच तिच्याजवळ गेलो नव्हतो.

१० मार्च
फोन केला. ‘रेडिओ घेऊन जा. मी असताना ये. सेलवर तुझा अंगठा सापडला. खोटं म्हणालो ते मागे घेतो.’
‘येतो,’ म्हणाला. मग – ‘दादा, आईनेच बजावलं होतं, त्याला कळू देऊ नकोस. शेजारणींना ती सांगायची, सेल थोरला बदलतो म्हणून.’