वसंतानं भरून दिलेली बाटली

सोम., ८ डिसें. अकोला
सूनबाई, मीनल, सकाळी अमरावतीले परत गेली. तिच्या लॅबसाठी माझी सकाळची पहिली लघवी पाहिजे होती. "बाबा, पेशी बारीक बारीक पिशव्या सोडतात, त्या लघवीत येतात. प्रोस्टेटची गाठ त्यातून लवकर कळू शकते." असंल. पण सुनेच्या हाती लघवी? तिच्यासमोर मी बनियनवरही बसत नाही. शेजारच्या वसंताले लाज कशाची माहीतच नाही. "आन इकडे बाटली, बापू. लघवीवर का नाव लिवेल असते?" भरून आणली. तिले माझीच वाटली. पण माझी नाही, एवढं मले पुरे. सुटलो.

मंगळ., २३ डिसें.
मीनलचा फोन. रडून राहिली होती. पिशव्यांत गाठीची खूण दिसते, पक्कं नाही, पण डॉक्टरले दाखवू म्हणे. अन् मले काय वाटलं? बरं वाटलं! माझी नाही म्हणून. चहा केला, बिस्किटं खाल्ली. मग वसंता आठवला. थू माझ्यावर.

बुध., २४ डिसें.
वसंताले सांगितलं. हसला. "मले काई होऊन नाही राह्यलं. तू तुही खरी बाटली दे. तुही चांगली निघाली तं मशीनच खोटी." हे कुठलं डोकं! तरी हो म्हटलं. माझंही झाकलं जात होतं ना.

रवि., २८ डिसें.
मुलगा-सून आले. या वेळी माझीच दिली. मान वर होईना. तिनं दुधाची पिशवी घ्यावी तशी घेतली.

शनि., १० जाने.
माझी चांगली निघाली. मीनलच माफी मागते मले! "बाबा, पहिल्या वेळी माझ्याच हातून चुकलं असेल. लॅबच्या सरांना सांगते, सगळे नमुने परत तपासावे लागतील." मी म्हटलं, "असू दे बेटा." असू दे! नालायक. वसंतानं पेढे आणले. "पाह्य, म्हनलं नव्हतं?" खाल्ला मी पेढा.

रवि., ११ जाने.
वसंता आला. बोलता बोलता लघवीले उठून गेला, लय वेळानं परतला. "थंडीनं होऊन राह्यलं." चेहरा उतरलेला. त्याच्यासमोरच फोन लावला. "बेटा, पहिली बाटली माझी नव्हती."
शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं एवढंच विचारलं, "मग कोणाची, बाबा?"
वसंता समोर बसून दोन्ही हात जोडून राहिला, सांगू नको म्हणून.